मी सुधारून लिहिलेले प्रश्न

तायडे, तार आली तेव्हा मी वर्गात होतो. शिपायानं दारातूनच कागद दाखवला. पोरांना बसायला सांगून मी व्हरांड्यात आलो. तुझं नाव, तू गेलास एवढी बातमी आणि खाली तुझ्या बायकोचं, शांतावहिनींचं नाव. खरं सांगतो, दुःख नंतर झालं. आधी आश्चर्य वाटलं, की वहिनींनी मला कळवलं. गेल्या सहा वर्षांत आपण एकमेकांना साधं पोस्टकार्ड लिहिलं नव्हतं.

बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी मिळाली तेव्हा दुपार झाली होती. मी पोचलो तर सगळं आटोपून लोक स्मशानातून घरी परतत होते. कुणी सांगितलं, कावीळ झाली, तीन आठवडे दवाखान्यात काढले. तू चाळिशीही गाठली नव्हतीस. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. तुझे विद्यार्थी, बार्शीटाकळीचे तुझे भाऊबंद, कॉलेजातले लोक एकामागून एक उठून तुझ्याबद्दल बोलत होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही, ते बरं झालं. मला जे सांगायचं होतं ते तिथे सांगता आलं नसतं. तुलाही कधी सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो आहे.

अमरावतीच्या कॉलेजात आपण एकाच जुलैत लागलो. तू पदार्थविज्ञान शिकवायचास, मी मराठी. स्टाफरूममध्ये पुण्याकडचे दोघे-तिघे होते. वऱ्हाडी कानावर पडली की त्यांच्या ओठांचे कोपरे हलायचे. मी त्यांच्यासमोर एकेक शब्द पारखून बोलायचो. तुला पारखावं लागत नसे. तुझं पुस्तकी मराठी माझ्याहून चोख होतं. पण कॉलेजच्या फाटकाबाहेर सायकली काढल्या, की तू म्हणायचास, "चाल बे देशमुख, भूक लागली जबर." मी मागे वळून पाहायचो, कुणी ऐकलं का म्हणून. तू हसायचास.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी तुला वलगावला आमच्या घरी नेलं होतं. आईनं हुरडा भाजला. तू माजघरात आमच्याबरोबर जेवलास आणि मला स्वतःचाच मोठा अभिमान वाटला. निघताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा बोलते मोठं शुद्ध. बिलकुल समजत नाई." काय समजत नाही, हे विचारायची गरज नव्हती. तुझी जात. मला ते कौतुक वाटलं. एवढं कौतुक, की परतीच्या रस्त्यावर मी ते तुला सांगून टाकलं. नाक्यापर्यंत तुझी सायकल माझ्या दहा हात पुढे होती. मला वाटलं, तुला थंडी वाजते आहे, म्हणून घाई करतो आहेस.

तुझ्या वर्गाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते तक्रार म्हणून. तायडे सर तास घेत नाहीत, पोरांना बोलत बसवतात, तेही गावठी भाषेत. मी तुला म्हटलं, "जरा सांभाळून. लोक बोलून राहिले."

"तू येऊन तं पाय एकदा," तू म्हणालास.

मी आलो आणि मागच्या बाकावर बसलो. पहिल्या वर्षाचा वर्ग होता, निम्म्याहून जास्त पोरं खेड्यांतली. हुशार असून पदार्थविज्ञानात आपटणारी. इंग्रजी पुस्तक पाठ करायची आणि पेपरात त्याचा खिचडा करून ठेवायची. तू त्या दिवशी काहीच शिकवलं नाहीस. टेबलावर पाण्यानं भरलेलं मडकं ठेवलंस आणि म्हणालास, "याच्याबद्दल तुमाले काय समजत नाई, ते सांगा. जे समजते ते सांगू नका."

पोरं मडक्याकडे आणि एकमेकांकडे पाहू लागली. मग धामणगावची एक मुलगी उठली. सबंध वर्षात ती वर्गात बोलली नव्हती, असं तू मला नंतर सांगितलंस. ती म्हणाली, "सर, मडक्यातलं पानी थंडं होते, तं त्यातली गरमी जाते कुठी? मडकं तं गरम होत नाई."

तू खडू खाली ठेवलास. तिचं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलंस, 'पानी'चा न सुद्धा. मग म्हणालास, "हा इचार ज्यानं पयल्यांदा केला असंन, तो मोठा मानूस होता. आज तू केला. बस."

दुसऱ्या तासाला एका पोरानं विचारलं, "उन्हानं रूळ लांबते म्हन्ता, तं दुपारच्या गाडीले अकोला दूर पडते काय?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. तू एकटा हसला नाहीस. "दूर पडते का नाई पडते, ते सांगा ना. हासून काय होते?" दोन दिवसांनी पाच-सहा पोरं स्टेशनावर जाऊन सकाळी आणि पुन्हा दुपारी रुळांच्या जोडांमधल्या फटी पाहून आली. फट दुपारी बारीक होते, हे सांगताना त्यांचे चेहरे असे होते, जणू ती त्यांनीच निर्माण केली होती. दहा वर्षं मी वर्गावर कविता शिकवतो आहे. तसे चेहरे माझ्या वर्गात मी पाहिलेले नाहीत.

विदर्भ महाराष्ट्रात येऊन वर्षभर झालं असेल. विद्यापीठाचं परिपत्रक आलं. जे प्राध्यापक अध्यापनाच्या नव्या पद्धतींवर संशोधन करतील, त्यांना अनुदान मिळणार होतं. पहिल्या वर्षाचं काम पाहून दुसऱ्या वर्षाचं. स्टाफरूममध्ये ते परिपत्रक सही करून लोक पुढे सरकवत होते. तू ते दोनदा वाचलंस. संध्याकाळी मला म्हणालास, "देशमुख, शिकवाच्या आधी पोट्ट्यांच्या डोक्यात काय रायते, हे कोनाले मालूम आहे? कोनालेच नाई. आपन मानतो का डोकं खाली आहे, रिकामं मडकं. मले दाखवाचं आहे का ते खाली नाई."

अर्ज आपण दोघांनी मिळून लिहिला. विषय तुझा, भाषा माझी. अनुदान मंजूर झालं, तेव्हा तू कागद, दोरखंड, चाकं, तराजू आणलेस आणि प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात लहानशी मोट उभी केलीस. वर्षभर तू प्रश्न जमवत होतास. शिकवण्याआधीचे, शिकवल्यानंतरचे, आणि महिन्याभरानं पुन्हा उगवलेले. प्रत्येक प्रश्न पोराच्या तोंडचा, त्याच्या शब्दात, खाली त्याचं नाव-गाव. एक मला अजून पाठ आहे: "मोट वर येते तवा बैल उताराले चालते. मंग मोट बैल ओढते, का बैलाचं वजन ओढते?"

आपलं भांडण व्हायचं ते याच वहीवरून. मी म्हणायचो, हे असंच्या असं विद्यापीठात पाठवू नको. तू विचारायचास, काहून? एकदा मी चिडून बोलून गेलो, "मी वऱ्हाडी बोललो तं लोक म्हणतात, देशमुख मोकळा माणूस आहे. तू बोलला तं म्हणतील, यायले खुर्ची देल्ली तरी हे तसेच." तू वही मिटलीस आणि म्हणालास, "म्हनतील तं म्हनू दे. आमी दीक्षा घेतली ते काय शुद्ध बोलासाठी घेतली?" तो वाद तिथेच राहिला. मला ते पटलं नव्हतं.

अहवाल पाठवायची मुदत जवळ आली आणि नेमकी त्याच आठवड्यात बार्शीटाकळीहून तुझी आई आजारी असल्याचा निरोप आला. अहवाल लिहून झाला होता. फक्त परिशिष्टात प्रश्नांची सुवाच्य प्रत करायची होती. तू वही माझ्या हातात दिलीस. "तुहं अक्षर मोत्यासारखं. उतरवून दे अन् पाठवून दे." बसस्टँडवर बसच्या खिडकीतून तू पुन्हा सांगितलंस, "जसं हाये तसं."

मी जसं होतं तसं उतरवलं नाही, तायडे.

रविवारची दुपार होती. खोलीत मी आणि ती वही. पहिले दोन प्रश्न मी नीट उतरवले. तिसऱ्याला माझा हात थांबला. मला डोळ्यांसमोर ते सगळे दिसू लागले, स्टाफरूममधले आणि विद्यापीठातले, चष्मे पुसत हे वाचणारे. आणि वरती तुझं नाव. मी स्वतःला म्हटलं, याला यातून वाचवलं पाहिजे. अर्थ तोच ठेवू, शब्द तेवढे बदलू. एकदा बदलायला लागल्यावर मजाच वाटू लागली. मराठीचा प्राध्यापक ना मी. 'उष्णतेमुळे रुळांचे प्रसरण झाल्यास दोन स्थानकांतील अंतरावर काय परिणाम होईल?' 'बाष्पीभवनाने पाणी थंड का होते?' पोरांची नावं-गावंही मी गाळली. त्यांची तिथे गरज नाही, असं मला वाटलं. संध्याकाळी सुवाच्य प्रत बांधून ठेवली आणि सोमवारी रजिस्टर पोस्टानं पाठवली. तू परत आलास तेव्हा आई बरी होती, तू आनंदात होतास. "पाठोलं ना?" तू विचारलंस. मी म्हटलं, "पाठवलं." वही तुला परत दिली.

विद्यापीठाचं पत्र आलं ते प्राचार्यांकडे. त्यांनी आपल्या दोघांनाही बोलावलं. पत्र लहानसं होतं. विद्यार्थ्यांचे म्हणून दिलेले प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांहून वेगळे नाहीत, शिकवण्यापूर्वीच्या त्यांच्या स्वतःच्या कल्पना यात कुठेच दिसत नाहीत, म्हणून पुढील साहाय्य देता येत नाही.

"असं कसं होईल, सर?" तू म्हणालास. तुझ्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "प्रश्न त्यांच्याच शब्दांत दिलेत. परिशिष्ट वाचलं नसेल त्यांनी."

प्राचार्यांनी परत आलेलं परिशिष्ट तुझ्यापुढे सरकवलं. तू पहिलं पान वाचलंस. मग दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर तू थांबलास. माझं अक्षर तू ओळखत होतास. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. प्राचार्य समोर होते, तू शेजारी होतास, एक वाक्य पुरलं असतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत बसलो.

तू पानं जुळवून ठेवलीस आणि म्हणालास, "माझी चूक झाली, सर. पाठवण्याआधी मी तपासायला हवं होतं."

बाहेर कडुनिंबाखाली आलो. मला वाटलं, आता तू ओरडशील. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू हळूच विचारलंस, "देशमुख, हे प्रश्न कोनाचे हायेत?"

"पोरांचेच आहेत. मी फक्त..."

"पोरांचे नाई. तुहे आहेत. त्या पोरीले बाष्पीभवन मालूम असतं, तं तिनं इचारलंच काहून असतं? तू तं प्रश्नातच उत्तर टाकून देलं. अन् मडकं गरम होत नाई म्हने ती, ते कुठी गेलं? तेच तं तिचं होतं."

मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच केलं. तू कडुनिंबाला टेकवलेली सायकल सरळ केलीस. मग म्हणालास, "बरं, झालं ते झालं. मूळ वही माह्याजोळ आहे. तू एक चिठ्ठी लिह्य विद्यापीठाले, का नक्कल करतानी मी भाषा बदलली. खाली सही कर. मी वही जोडून पाठवतो."

"तूच लिही ना."

"मी लिहलं तं वाटंन, अनुदान गेलं म्हून हा आता नवं काढून रायला. तुह्या अक्षरात गेलं, तुह्याच अक्षरात यायले पायजे."

मी हो म्हटलं. लिहिलं नाही. त्या महिन्यात मला विद्यापीठाच्या मराठीच्या अभ्यास मंडळावर घेण्याचं चाललं होतं. आपल्या हातानं लिहून द्यायचं, की मी सहकाऱ्याचं संशोधन त्याला न विचारता बदललं? आठवड्यानं तू विचारलंस, "लिहली का रे?" मी म्हटलं, परीक्षेचं काम आहे. पुन्हा पंधरा दिवसांनी विचारलंस. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नवीन अर्ज कर ना, मी मदत करतो." तू मान हलवलीस. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. मला अभ्यास मंडळावर घेतलं. पेढे वाटताना तुला शोधलं, तर तू प्रयोगशाळेतली मोट सोडवत होतास. एक पेढा घेतलास, चांगला आहे म्हणालास. उन्हाळ्याच्या सुटीनंतर तू अकोल्याच्या कॉलेजात गेल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

त्यानंतर आपली भेट एकदाच झाली. बडनेऱ्याच्या फलाटावर, दोघांच्याही काखेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. गाडीला दीड तास उशीर होता. दीड तास, तायडे. मी त्या वेळात तुझ्या मुलीचं नाव विचारलं, अकोल्यात पाणी कसं आहे ते विचारलं, नव्या अभ्यासक्रमाला शिव्या दिल्या. तू सांगितलंस, की अनुदान नसलं तरी तुझं काम चालूच आहे, पोरं बोलायला लागली आहेत, त्यातली दोघं-तिघं आता शाळांमध्ये विज्ञान शिकवतात. तू जिलेबी आणलीस आणि मोठा भाग माझ्याकडे सरकवलास. मी मनात तीनदा वाक्य जुळवलं आणि तिन्ही वेळा ते जास्तच शुद्ध झालं म्हणून गिळून टाकलं. 'माहं चुकलं रे' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या आईच्या भाषेत ते तीन शब्दांचं काम होतं.

आणि तरीही, तुझ्याकडून मी घेतलंच. गेली काही वर्षं मी कविता शिकवण्याआधी वर्गाला विचारतो, काय समजलं नाही ते सांगा. पोरं आपल्या बोलीत सांगतात आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. लोकांना वाटतं, देशमुख सर वयाबरोबर निवळले. ही पद्धत कुणाची, हे मी एकाही सभेत सांगितलेलं नाही. ही दुसरी चोरी म्हण.

परवा अकोल्यात लोक पांगल्यावर मी निघायला उठलो, तर वहिनींनी थांबवलं. चहा आणून ठेवला. रडून त्यांचा आवाज बसला होता. समोर बसून म्हणाल्या, "भाऊ, तुमी येसान का नाई, माहीत नव्हतं. पन त्यायनं दवाखान्यात तुमचं नाव घेतलं होतं, म्हून तार केली."

"काय म्हणाला होता?"

"रागानं नाई बोल्ले. कधीच नाई बोल्ले रागानं. मी म्हनो, त्या देशमुखानं तुमचं एवढं नुकसान केलं. तं म्हनत, नुकसानाचं काई नाई, काम तं चालूच हाये." त्या थांबल्या, पदरानं नाक पुसलं. "म्हने, देशमुखाले त्या टाइमाले माही कीव आली का माही लाज वाटली, तेवढं एक डाव त्याले इचारीन. बाकी काई इचाराचं नाई." आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

मी चहाचा कप खाली ठेवला. गाडीची वेळ झाली, असं काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर पडलो. म्हणजे मी पुन्हा तेच केलं. गाडी सुटायला अजून दोन तास होते. ते मी स्टेशनात एका बाकावर काढले.

घरी आल्यावर विद्यापीठाला ती चिठ्ठी लिहिली. सगळं जसं झालं तसं, सहीसकट. उत्तर येणार नाही, मला माहीत आहे. ज्यांनी ते पत्र पाठवलं होतं ते केव्हाच निवृत्त झाले असतील. वहिनींना वेगळं पत्र लिहिलं. त्यांना तोंडावर द्यायचं उत्तर कागदावर दिलं. पण आधी ते तुझं आहे, म्हणून इथेही लिहितो.

मले तुही कीव आली होती, तायडे. लाज वाटली असती तं बरं होतं, लाज आपल्या मानसाचीच वाटते. मले वाटलं, तुले सांभाळाले पायजे. अन् तुले सांभाळनारा मी कोन, हे मी त्या दिवशी सोताले एकदाही इचारलं नाई.